टिकाऊ धंद्याला लागतो कचरा

...आणि तो टायवाला तपासनीस माझ्याच दुकानात उभा राहून मलाच विचारतो, "आजी, तुमचा कचरा कुठाय?" अहो, कचरा! तुम्हाला सांगते, त्रेचाळीस वर्षं हॉस्पिटलच्या फाटक्या चादरी दुरुस्त करतेय मी. चादर विरते मधे, कडा राहतात धडधाकट... मग मधोमध फाडायची, कडा आत घेऊन शिवायच्या, झाली नवी! तीही विरली की अभ्रा, अभ्रा गेला की फडकं, फडक्याच्या चिंध्या उशीत. कुणी शिकवलं? कुणीच नाही! माझं डोकं, माझी सुई. कचरा उरणार कुठून? पण नाही... टिकाऊ म्हणे!

आता हॉस्पिटलचा नवा फतवा, ज्याच्याकडे 'टिकाऊ व्यवसाया'चं, म्हणजे कचरा कमी केल्याचं प्रमाणपत्र, त्यालाच चादरी. नाही मिळालं, तर मी, माझी सून, माझी नणंद, तिघींची मशिनं बंद! आणि नणंद रिकामी बसली की तोंड चालवणार, म्हणजे संकट केवढं बघा!

तर हा तपासनीस माझा फॉर्म भरतोय. "गेल्या वर्षीपेक्षा कचरा किती कमी केला?" म्हटलं, गेल्या वर्षी शून्य, यंदा शून्य. "म्हणजे सुधारणा नाही!" मारली फुली मेल्यानं! आणि तो समोरचा पडदेवाला? रोज दहा पोती कापड उकिरड्यावर फेकायचा, आता सहा फेकतो, तर त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर, काचेच्या चौकटीत! टिकाऊ म्हणे!

मी उठले तरातरा. सून मधे पडली, "आई, आधी कात्री खाली ठेवा!" नणंद तिकडून, "वहिनी, चार चिंध्या टाकल्या असत्यास तर हात झडले असते का?" तपासनीस घाम पुसत म्हणाला, "आजी, या आठवड्यात तीन पोती कचरा जमवून दाखवा. सहा महिन्यांनी येतो, तेव्हा एकच दाखवा. झाली सुधारणा! तोवर काम थांबू देत नाही."

तीन पोती! धड कापड फाडून टाकायला हात धजेना माझा. जन्मात कुणापुढे पदर पसरला नाही हो... आणि काल सकाळी त्या पडदेवाल्याच्या दारात उभी, "दे रे बाबा, आधी एक पोतंभर तरी कचरा दे!" दिला त्यानं, वर हसलाही मेला. घरी आणून उघडलं, तर आत काय? हे असं मखमली, धडधाकट कापड! टाकायचं? हे? माझे हात शिवशिवायला लागले... दुपारपर्यंत अठरा उशा तयार, पोतं रिकामं, कचरा पुन्हा शून्य!

टिकाऊ म्हणे... जाते, उद्या परत मागून आणते.