बाबांची पँट आणि ज्युसरची जाळी

आता तुम्हीच सांगा, मला काय वाटलं होतं? वाटलं होतं, ज्युसर ओट्यावर ठेवायचा, बटण दाबायचं, की घरात आरोग्य वाहायला लागेल. वाहिलं की! ओट्यावरून वाहिलं, कपाटाखाली शिरलं, आईच्या चपलेत साचलं... झाकण लावायचं राहिलं होतं ना. ते सगळं पुसून मान वर करते, तर ती जाळी! तुम्हाला सांगते, ज्युसर विकणारे उंच ग्लास दाखवतात, हसरी बाई दाखवतात, पण जाळी घासताना कुणालाच दाखवत नाहीत. इतकुशी तिची भोकं, आणि प्रत्येकात फळाचा एक धागा ठाण मांडून बसलेला. आईनं कुठूनसा एक ब्रश काढला आणि चकचकीत केली. दुसऱ्या दिवशी बाबा विचारत होते, माझ्या ब्रशला संत्र्याची चव कशी?

पण मी मागे हटणारी नाही. लांब शिकायला होते ना, तिथं सगळेजण सकाळी ताजा रस पितात आणि कसे टवटवीत दिसतात! (ते धावायलाही जातात. ते मी पाहिलं होतं, फक्त मनावर घेतलं नव्हतं.) म्हणून तर सामानातली निम्मी पुस्तकं काढून तिथं ज्युसर कोंबला आणि घरी आले.

कारण बाबा. बाबा शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत घर, मधे एक पडदा. दिवसभर मशीनवर बसून पोट सुटलेलं, साखर चढलेली. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलेलं, पुढच्या तपासणीत उतरली नाही तर रोज सुई टोचून घ्यायची. आणि तुम्हाला सांगते, जन्मभर सुईवर संसार केलेला हा माणूस सुईला असा घाबरतो, की रक्त तपासायला देताना आईचा हात धरतो. मी म्हटलं, बाबा, सुई नको ना? मग रस!

झालं. रोज सकाळी मी घरघर सुरू करायची, पडद्यापलीकडचं गिऱ्हाईक दचकायचं, बाबा नाक न धरता पण तसाच चेहरा करून ग्लास रिकामा करायचे, आणि आई मागून, "पिऊन झालं असेल तर ती जाळी?" चोथा टाकायला तिचा जीव होईना. तो सूपमध्ये गेला, पिठात गेला, एकदा तर ऑम्लेटमध्ये सापडला. मी म्हटलं, सोसा. क्रांती अशीच होते.

आणि झाली हो! एका सकाळी मी विचारलं, बाबा, काही फरक? त्यांनी पँटच्या कमरेत दोन बोटं घातली. "सैल झालीय बघ." पुढच्या आठवड्यात चार बोटं. मग अख्खा पंजा! मी शेजारणीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, दुकानात माप द्यायला आलेल्या माणसाला तो हात वर करून उभा असतानाच सांगितलं. बिचारा जाणार कुठे?

मग तपासणी. बाबा वजनकाट्यावर चढले आणि वजन... वाढलेलं. मी म्हटलं, काटा बिघडलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखरही वाढलीय." मी म्हटलं, मग साखरेचा काटाही बिघडलाय, तुम्ही पँट बघा ना! आणि पुरावा म्हणून बाबांना गर्रकन फिरवून सदरा वर केला. मागे, कमरेच्या मधोमध, विटक्या कापडात कोऱ्या कापडाची एक पाचर. बारीक, देखणी, एकही टाका इकडचा तिकडे नाही.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "शिवण सुंदर आहे."

बाबा पंख्याकडे बघत होते.

मग माझी पाळी. एका ग्लासात किती संत्री पिळतेस? मी सांगितलं. तेवढी सोलून एका बैठकीत खातील का? नाही. मग पाजतेस कशाला? अख्खं फळ द्यायचं, तेही एखादंच, चावून चावून, आणि रोज चालायचं. अजून उशीर झालेला नाही, पुढच्या तपासणीपर्यंत सुई थांबवते.

घरी येताना मी आजवर पाजलेली संत्री बोटांवर मोजत होते. बोटं पुरेनात. शेवटी बाबाच म्हणाले, "इतक्या लांबून ते धूड उचलून आणलंस, पोरी. रोज सकाळी तोंडाकडे बघत उभी राहायचीस, सैल झाली का, सैल झाली का. नाही म्हणवेना." मग जरा चालून, "शिवाय तुझा रस आंबट असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं. ज्युसर खोक्यात घातला आणि कपाटावर ढकलला. बाबांची पँट घेतली, पाचर उसवली आणि जुन्या मापावर स्वतः शिवली. वाकडी. म्हटलं, आता ही खरोखर सैल होईपर्यंत रोज सकाळी चालायचं, तुम्ही आणि मी. बाबांनी शिवण उलटसुलट पाहिली, कारागिराला काय यातना झाल्या असतील! पायजमा घालून तयार झाले. एक संत्रं सोललं, अर्धं त्यांना, अर्धं मला, आणि दाराबाहेर पाऊल टाकतोय, तर आतून आई,

"चालायला जाताय ते जा. पण ती जाळी?"

तुम्हाला सांगते... खोक्यात सगळं गेलं होतं. जाळी तेवढी मोरीत भिजत होती.