कळंब्याच्या अळ्या

शशिधर : किल्ली द्या म्हणतोय ना मामा. किती वेळा मागायची?

सयाजी : आन् मी कितींदा सांगायचं, सर? मलकापूरला चुलतभावाच्या लग्नाला जाताना पोरगी सांगून गेलीया, मामा, अळ्यांना अंधार पायजे, मी आल्याबिगर तुमच्याशिवाय कपाट कुणी उघडायचं न्हाय. आज येतीयाच की ती.

शशिधर : या लॅबमध्ये मी 'कुणी' झालो काय? माझ्या डिशपण त्याच कपाटात आहेत.

सयाजी : मग तुमच्या काढून देतो. बसा.

शशिधर : माझ्या नकोत. तिच्या बघायच्यात.

सयाजी : आता कसं बोललासा! एवढी घाई सोताच्या अळ्या बगायला कधी केली न्हाई.

शशिधर : माझ्यात बघण्यासारखं काय असतंय? अळी कापायची, आठ दिवस थांबायचं, नवं डोकं येत नाही. पंधराव्या दिवशी आकसती, मरती. दोन हजार चार सालापासनं हेच चाललंय. आता दोन हजार नऊ संपत आलं.

सयाजी : आन् तिच्या अळीला दोन्ही अंगाला डोकी. मी तर पयल्यांदा बगून पायताणच काढून ठेवलं दारात. म्हनलं, द्येवाचं काय तरी हाय.

शशिधर : देवाचं काही नाही. जीनचं आहे. या पाण्यातल्या चपट्या अळीच्या अंगभर मूळ पेशी असतात मामा. गवंडीच समजा. कुठं कापलं की सगळे तिथं धावतात, बांधकाम सुरू. डोकं कुठल्या टोकाला आणि शेपूट कुठल्या, हे सांगणारा जीन वेगळा. औषध चारून ती तो बंद करती. गवंडी जिवंत असतात, फक्त नकाशा चुकतोय. म्हणून शेपटीच्या जागीबी डोकं.

सयाजी : आन् तुमचा?

शशिधर : माझा जीन त्या गवंड्यांनाच जगवतो. तो बंद केला की बांधायला कोणच नाही उरत. खरं बघाल तर मोठी गोष्ट माझी आहे. पण पेपरात फोटो आला तो तिच्या अळीचा, मेलेल्या अळीचा कोण छापतंय?

सयाजी : पोटात दुखतंय म्हणा की सरळ.

शशिधर : दुखतंय! हो, दुखतंय. कळंब्याच्या ओढ्यातनं दगड उलटे करून पहिल्या चाळीस अळ्या कोण घेऊन आलं? मी आणि तुम्ही. गुडघाभर पाण्यात. ही बाई काल-परवा आली, आयत्या बिळावर नागोबा, आणि उद्या पुण्याचे पाहुणे येणार ते हिच्या अळ्या बघायला. आणि लॅबच्या मॅडम मला म्हणतात, शशिधर, चहाचं तेवढं बघा.

सयाजी : अळ्या आनल्या आपुन, पर जगवल्या कुणी? बुधवारी आन् शुक्रवारी खाटकाकडनं बोकडाचं काळीज आनायचं, वाटायचं, तुमचं त्ये औषध मिसळायचं, अळ्यांना चारायचं. तुमी आपलं तोंडाला रुमाल लावून खिडकीत हुबं.

शशिधर : आमच्यात चालत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. घरी कळलं तर आक्का मला दारात आंघोळ घालील. ते जाऊ दे. पाणी बदलताना तुम्ही तिच्या डिश बघितल्या असतील. डोकी आलीत काय?

सयाजी : आली काय, न्हाय काय, तुमाला एवढी धास्ती कशाची?

शशिधर : धास्ती कशाला असंल मला?

सयाजी : तोंड बगा आरशात. सामन्यात आपल्याच जाळ्यात गोल मारल्यागत झालंय.

सुष्मिता : मामा! आले बघा एकदाची. एस्टी बांबवड्यात अर्धा तास बंद पडली. शशिदादा, लाडू घ्या. बुंदीचे आहेत, तुम्हाला चालतात.

शशिधर : ठेव तिथं.

सुष्मिता : दादा, रस्त्यात मॅडमचा फोन आलता. मी त्यांना म्हटलं, पाहुण्यांना आधी दादांच्या डिश दाखवा, मग माझ्या.

शशिधर : का?

सुष्मिता : का म्हणजे? बांधणारेच नसतील तर डोकं इकडं का तिकडं, या गोष्टीला अर्थ काय? तुमचं आधी कळलं तरच माझं कळतंय. मॅडम तयार झाल्या. पंधरा मिनिटं तुम्ही बोलायचं. चहाचं मी बघते. ...दादा? असं काय बघताय?

शशिधर : सुष्मिता, कपाट उघडू नको.

सुष्मिता : का हो?

शशिधर : तुझ्या डिशमध्ये काही नसणार. खायला घालायच्या आदल्या दिवशी मी फ्रिजमधल्या आपल्या औषधांच्या दोन बाटल्यांची लेबलं बदलली. तुझ्या अळ्यांनी माझं औषध खाल्लंय. डोकी येणार नाहीत त्यांना. पेपरात तुझ्या अळीचा फोटो आला त्या दिवसापासनं मला झोप नाही. तुझं नाव जरी कुणी घेतलं तरी आत काहीतरी पेटायचं. वाटलं, एकदा तरी हिच्या अळ्या माझ्या अळ्यांसारख्या मराव्यात.

(सयाजी कमरेची किल्ली काढून कपाट उघडतो, सुष्मिताच्या दोन काचेच्या डिश उजेडात आणून ठेवतो.)

सयाजी : मोजा.

सुष्मिता : ...दोन्हीकडं डोकी. हिलापण. हिलापण. मामा, सगळ्यांना आहेत.

शशिधर : कसं शक्य आहे? लेबल मी माझ्या हातानं...

सयाजी : मला कुठं इंग्रजी वाचाय येतंय, सर? पोरीच्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा, तुमच्या बाटलीला पांढरा. पयल्यापासनं. मी दोरा बगून खायाला घालतो, कागद बगून न्हाय.

शशिधर : दोरा दिसला होता मला. वाटलं, काळजाच्या पुडीचा खाटकाचा दोरा असंल. मी तोंड फिरवूनच लेबलं काढली.

सयाजी : सा वर्सात एकदा रुमाल काढून बगितलं असतं तर कळलं असतं.

शशिधर : म्हणजे... म्हणजे काहीच बिघडलं नाही? सुष्मिता, काहीच बिघडलं नाही गं! उद्याचं सगळं जसंच्या तसं!

सुष्मिता : व्हय. अळ्यांना काय झालं नाही.

शशिधर : तू मॅडमना सांगणार आहेस?

सुष्मिता : तुम्ही सांगा. उद्या पाहुणे गेल्यावर. सकाळी पंधरा मिनिटं तुमचीच आहेत, ती मी परत मागणार नाही.

शशिधर : सुष्मिता, मी...

सुष्मिता : लाडू खावा दादा, आईनं तुमच्या नावानं बांधून दिलेत. मामा, ती किल्ली इकडं द्या. आजपासनं माझ्याजवळ राहू दे.