तीन मिनिटं अडवणारा डबा

मंडळी, ऐका. अडवणारा तो वैरी — हे आपल्याला शिकवलं कुणी? आई अडवते, गुरू अडवतो, नाक्यावरचा हवालदार अडवतो... हसू नका, तुमच्यातल्याच तिघांना काल अडवलंय!

तर आमच्या खिंडवाडीत राहायचे दिनकरराव खोचरे. एसटीतले जुने कंडक्टर. थांबलेलं काही दिसलं की हात आपोआप घंटीच्या दोरीकडे! आणि गावची लाईट कशी? उतरली, की बल्ब पेटलाय का बघायला काडी ओढायची. चढली, की पंखा पत्र्यासकट उडून शेजारच्या गावाला वारा घालायचा! खोटं वाटतं? अहो, परत आणायला मीच गेलो होतो!

हसलात? आता पुढचं. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई, फुप्फुसं निकामी झालेली. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन उशाशी, नळी नाकात. त्या मशीनवर बाईंचा जीव. रज्जाक वायरमनने मशीनला स्टॅबिलायझर जोडला आणि बजावलं, "काका, लाईट जाऊन आली की हा डबा तीन मिनिटं अडवून धरणार. आल्या आल्या ती पिसाळलेली असते. पिवळा दिवा हिरवा होईस्तोवर हात लावायचा नाही."

एका दुपारी लाईट गेली, आली. डबा पिवळा. बाईंना धाप लागली. शेजारी मिक्सर फिरतोय, आणि दारात आलेली वीज हा लोखंडी डबा दाबून बसलाय! एक मिनिट गेलं. दीड गेलं. बाईंनी हातानेच 'थांबा' म्हणून सांगितलं. कुणाला थांबवता, मंडळी? जिचे ओठ निळे पडतायत, तिच्या नवऱ्याला?

दिनकररावांनी डब्यातून मशीनची पिन उपटली, मशीन थेट भिंतीतल्या दुसऱ्या प्लगला लावलं. सुरू झालं! बाईंनी चार श्वास घेतले, हसल्यासुद्धा. आणि लाईट चढली. फट् — धूर — मशीन जळालं. डब्यावर लाल दिवा. त्याने चढलेली वीज पुढे सोडलीच नव्हती. मग ती उतरली, दिवा हिरवा झाला. डबा द्यायला तयार, घ्यायला मशीनच नाही.

तुम्ही वाट बघताय, बुवा आता चमत्कार करतील. नाही, मंडळी. अँब्युलन्स घाट चढेपर्यंत बाई गेल्या. जाताना म्हणाल्या, "अहो, तुमचा काय दोष? लाईटच तशी."

दिनकरराव म्हणतात, भांडून गेली असती तर बरं झालं असतं.

प्रेमाने पिन उपटली म्हणून वीज सूट देत नाही. आता सांगा — आपलं माणूस समोर तडफडतंय, कुणी म्हणतंय थांब. कोण थांबेल? हात वर करा.

एकही नाही.

माझाही नाही. टाळ खाली ठेवा, आज गजर नको.