मागच्या भिंतीचे पत्रे

हॅलो? … कोण, तेजल? बोल गं. हो, वाणगावलाच हाय, लेकीकडे, सपनाच्या घरी. … खोकला तसाच. ते राहू दे, मागं ठक-ठक काय वाजतंय?

रूपेश? … मागच्या भिंतीचे सिमेंटचे पत्रे फोडतोय? हातोडीने?

थांबव त्याला. … अगं, आधी थांबव, मग बोल! … रूपेश! आई बोलतेय. खाली ठेव ती हातोडी!

थांबला? … ठाऊक हाय, आज त्याची सुट्टी, उद्या गवंडी येणार. हो, हो… अगं ऐक ना. तुझे सासरे बोईसरच्या शेडमध्ये बावीस वर्षं हेच पत्रे कापत होते. घरी यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. मी हसायची. शर्ट ओट्यावर मीच झटकायची. … त्यांचा खोकला विडीचा होता? विडी त्यांनी कधी ओढली, सांग!

परवा डॉक्टरनी माझ्या छातीचा फोटो बघितला. पहिलं विचारलं, ‘आजी, घरात पत्र्याच्या कामावर कोण होतं?’ … नाय सांगितलं तुला. सांगणार होते.

अख्खा पत्रा नुसता उभा असला तर काय करत नाय. फोडला की त्यातल्या ॲस्बेस्टॉसची धूळ उडते. आत गेली की बाहेर येत नाय, म्हणाले. … ओढणी बांधलीय? ओढणीतून जाते ती.

झाडू लावू नको. पंखा बंद कर. तुकड्यांवर हळू पाणी सोड, भिजू दे चांगले. रूपेशचे कपडे झटकू नको, बाहेरच पाण्यात बुडव. राहिलेल्या पत्र्यांना हात लावू नका. ते काम जाणणारा माणूस आणू. तो भिजवून, नट सोडवून अख्खे उतरवील, जाड प्लास्टिकमध्ये बांधील.

काय? तुकडे गल्लीतल्या चिखलात टाकू? … नाय गं! आमी तेच केलं. त्यांच्यावरच बारक्या कोलंबीचा जवळासुद्धा सुकवला. … हो, आपणच खाल्ला.

पूर्वी कुठं हाय? … ओट्यावर लिहितेय? पण तिचा खडू तर माझ्या पिशवीत आलाय. मग कशाने लिहितेय?

… तेजल, काढून घे हातातून. … हो, मीच दिला होता तसला पत्र्याचा तुकडा. पोरीने त्यानेच मला अक्षरं शिकवली. रेघ कशी पांढरी उमटायची! चुकलं की मी फुंकर मारून पुसायची, ती मांडीवर बसून हसायची. … जा, आधी पाणी आण. फोन तिच्याकडे दे.

पूर्वी? … हो बाळा, आजी. … माझं नाव लिहिलंस? ‘भागी’? … वेलांटी दुसरीऐवजी पहिली झाली? होऊ दे. पुसू नको… नाय, नाय, आजीने शिकवलं ते चुकीचं होतं. फुंकू नको…

हा आवाज कसला?

फुंकलंस?

… बरं. रागावले नाय मी. फोन ठेव, नळावर जा, हात-तोंड धुव. आजी निघाली.