बारावी फेरी

नाही ताई, थंडीचं नाही हे. ते जेल गार आहे खरं, पण मी सकाळपासून असाच कापतोय — शर्ट काढला, सरळ झोपलो, आता लावा तुम्ही, माझ्याकडे लक्ष देऊ नका. हाताला चिमटे, पायाला चिमटे — शॉक बसत नाही ना? नक्की? हसू नका हो, एवढा घोडा झालो तरी इंजेक्शन घ्यायचं म्हटलं की मी दादाचा हात धरायचो. आज वहिनी आलीय. बाहेर बाकावर बसलीय. दादाला जाऊन सोळा दिवस झाले, त्यानंतर ती पहिल्यांदा घराबाहेर पडली ती माझ्यासाठी — डॉक्टर म्हणाले ना, हृदयाचा स्नायू जाड झाला होता, कधीकधी हे रक्तातून येतं, सख्ख्या भावाचा ईसीजी काढून घ्या. तेव्हापासून तिचं एकच, भाऊजी चला, भाऊजी चला. मी आज करतो, उद्या करतो. भीती वाटते हो.

काय विचारलंत? वय? एकवीस. दादा चौतिसाचा. छे, लठ्ठ कुठला! चार किलो, फक्त चार किलो उतरवायचे होते त्याला. चार किलो म्हणजे काय — आमचं सोफे-खुर्च्या भरायचं दुकान आहे, एका आरामखुर्चीत तेवढा काथ्या जातो. झालं काय, वहिनीच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं आणि दादानं स्वतःच्या लग्नातला कोट बाहेर काढला. बटण लागेना. वहिनी म्हणाली, ‘‘कोट तोच आहे, आतली गादी बदललीय.’’ मी म्हटलं, आण इकडे, दोन्ही बाजूंनी उसवून सैल करतो, अर्ध्या तासाचं काम. तर हा म्हणतो, ‘‘कोट मोठा नाही करायचा, मी बारीक होणार.’’ आणि मोबाइलवरून तो साठ दिवसांचा कार्यक्रम शोधून काढला. भिंतीवर तक्ता लावला. सकाळी साडेपाचला जोर, बैठका, उड्या, आणि शेवटी आमच्या इमारतीचे चार मजले बारा वेळा वर-खाली. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून! आणि वर जोडीदार पाहिजे — तक्त्यावर आपण सही करायची नाही, जोडीदारानं करायची. जोडीदार कोण, तर मी. सातवीत शाळा सोडली मी, माझी सही कोणाला कधी लागली नव्हती ताई, आणि इथं दादा रोज पेन घेऊन माझ्यापुढे उभा. चढली मला. खोटं कशाला बोलू. शिट्टी विकत आणली. जिन्याखाली उभा राहायचो आणि अर्धा मिनिट उशीर झाला तरी म्हणायचो, ही फेरी मोजणार नाही.

चाळिसावा दिवस. तो म्हणाला, ‘‘आज राहू दे रे, डावा खांदा भरून आलाय.’’ आता आदल्या दिवशी आम्ही दोघं दिवसभर सोफ्याखालचे पट्टे ओढत होतो, खांदे माझेही भरले होते, मला काय वाटणार? आमच्या धंद्यात खांदा दुखला म्हणून थांबतं कोण? कापड अर्धं ओढून सोडलं तर सुरकुती कायमची, म्हणून शेवटचा खिळा बसेपर्यंत हात सोडायचा नाही — हे त्यानंच शिकवलंय मला, कानफटात देऊन. तेच मी त्याला ऐकवलं. म्हटलं, ‘‘शेवटचा खिळा कोण मारणार, तुझा बाप?’’ बाप तर आमचा एकच. तो हसला. हसला आणि बूट घातले.

अकरा फेऱ्या केल्या त्यानं. मग पायरीवर बसला. घामानं निथळत होता आणि ओठ पांढरे — मी बघितलं ताई. बघितलं नाही असं नाही. म्हणाला, ‘‘बास.’’ मी म्हटलं, ‘‘एकच राहिलीय, आता उठला नाहीस तर मी सही करणार नाही, उद्यापासून पुन्हा पहिला दिवस.’’ आणि शिट्टी मारली. तो कठडा धरून उठला, गेला. मी खाली मोबाइलवरची वेळ बघत होतो. पहिला मजला, दुसरा — पावलं ऐकू येत होती. मग नाही. मला वाटलं, बसला लबाड. मी खालून पुन्हा शिट्टी मारली. दोनदा.

वहिनी? नाही, तिला नाही माहीत. तिला मी सांगितलं, मी नको म्हणत होतो, तोच ऐकेना. ठरवून नाही हो, ती जिन्यात आली, तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तोंडातून तेच गेलं. आता भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, ‘‘भाऊजींनी किती अडवलं, पण यांचा हट्ट.’’ आणि मला आग्रह करून वाढते. आणि मी जेवतो.

नाही, रडत नाही, नाक खाजतंय. वायर सुटली का? लावा, लावा. एक विचारू? त्या कागदावर कळतं ना, माझ्यातही आहे का ते? थोडंफार तरी? कारण असेल तर मग ते आमच्या रक्तातलंच, मग दादाला कुठंही गाठलं असतं, दुकानात, जेवताना, मी शिट्टी मारली काय आणि नाही मारली काय. मरायची भीती वाटते मला, हातोडी खाली ठेवून ठोके मोजत बसतो — तरी वाटतं, असू दे, निघू दे काहीतरी. कारण डॉक्टर ‘कधीकधी’ म्हणाले. कधीकधी रक्तातून. मग बाकीच्या वेळी कशानं होतं हो? काहीच निघालं नाही तर बाहेर ती उभी राहील, देवाचे आभार मानेल, म्हणेल, ‘‘सुटलात भाऊजी.’’ आणि मी तिच्यासमोर —

हो. हो, समजलं, बोलायचं नाही. हलायचंही नाही. पण ताई, ते बटण लगेच नको, एक मिनिट, मला जरा — दाबलंत?