ब्रिस्टलमधली सगळ्यात घट्ट माती

मातीने भरलेला साचा वजनकाट्यावर जरासा तिरका बसला, तेव्हाच खरं तर मी थांबायला हवं होतं. पण मी इतक्या उत्साहात होते, काय सांगू! माती ठोकून ती किती घट्ट बसते हे बघायची टेस्ट मी लॅबमध्ये पहिल्यांदाच एकटीने करत होते आणि साइटवर रोलर माझ्या आकड्यासाठी थांबला होता.

मातीत थोडं थोडं पाणी वाढवायचं, दर वेळी साच्यात ठोकायचं (मी माझ्याच ठोक्याला दचकते, हसू नका!) आणि वजन करायचं. घनता आधी वाढते, मग पाणी जास्त झालं की उतरते. माझी उतरायच्या ऐवजी उडालीच! गणित म्हणे, या मातीत हवा शून्याहूनही कमी आहे.

"अगं, असली माती जगात नसते," शेजारच्या टेबलावरून प्रिया म्हणाली. "साइटला मेल करू नकोस. आधी नितीनदादाला विचार."

नितीनदादा आमचा सीनियर. मघाशीच काट्यावर अंथरायचा टॉवेल बदलून चहा करायला गेला होता. मी त्याला फोन लावला. रिंग जात राहिली, आणि इकडे काट्यावरचे आकडे नाचायला लागले. साचा चक्क गुरगुरत होता! मी किंचाळलेच.

तो चहाचा मग हातात घेऊनच धावत आला. साचा उचलला, टॉवेल सारला, खालचा थरथरता फोन कानाला लावला आणि माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाला, "हॅलो, बोल."