लगीन अजून चाललंय

राजारामपुरीतल्या दवाखान्यात तेजस्वी आपल्या नंबराची वाट बघत होती. तिच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. समोरच्या बाईला म्हाताऱ्यानं ओळखलं.

"नाजियाताई न्हवं तुम्ही? आमच्या नातीच्या लग्नाचं सगळं तुम्हीच बघितलं की."

"व्हय, हंबीरकाका. आजींना काय झालंय?"

"इसरायला लागलीया. पोरंबी वळकू येईनात. पर त्ये लगीन तेवढं ध्यानात हाय. रोज सांजच्याला नवं लुगडं नेसून बसती, मांडवात चला म्हणती."

"मग काय सांगता?"

"आधी सांगत हुतो, लगीन झालं, पोरगी नांदाय गेली. तर मला न्हेलंच न्हाय म्हणून रडायची. आता सांगतो, लगीनवाल्या बाई आल्या की निघायचं."

नाजियानं वाकून म्हातारीकडं बघितलं.

"तुम्ही कशापायी आलाय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"पित्त, काका. लोकांच्या पंगती उठेस्तोवर आमच्या पोटात आग पडती. सख्ख्या भावाच्या लग्नातबी मी पंगतीला बसले न्हाय, मांडवच बघत हुते."

"मग सोडायचं की."

"सासरी जाताना नवरी गळ्यात पडती. मग पुढच्या लग्नाची सुपारी घ्यावी वाटती."

म्हातारी मघापासून नाजियाकडं टक लावून बघत होती.

"बाई, पंगत उठली का?"

"उठली, आजी. सगळी जेवली."

"आणि तू?"



"न्हाय अजून."

"मग ये, बस हितं. तू जेवल्याबिगर मी घरला जायची न्हाय."

तेजस्वी उठली आणि तिनं म्हातारीशेजारची आपली जागा नाजियाला दिली.